शेजाऱ्यांचा कुत्रा चावला, खर्च कुणी द्यायचा?

प्रश्न : आम्ही नाशिकमध्ये तीन मजली इमारतीत राहतो. तीन आठवड्यांपूर्वी सकाळी माझी आई (वय ६४) जिना उतरत होती. पहिल्या मजल्यावरच्या काकांचा जर्मन शेफर्ड उघड्या दारातून धावत आला आणि तिच्या पोटरीला चावला. ती पायऱ्यांवर पडली आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर आहे. आई विद्यार्थ्यांना पोळी-भाजीचे डबे देते, ते बंद पडले आहेत. औषधपाण्यावर आतापर्यंत ४१ हजार गेले. काका म्हणतात, दार कामवाल्या मावशींनी उघडं टाकलं, दारावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी आहे आणि आईनेच त्याला चप्पल उगारली. गेल्या दिवाळीत हाच कुत्रा पेपर टाकणाऱ्या मुलाला चावला होता, तेव्हा आपसात मिटवलं. पोलिसांनी फक्त एनसी लिहून घेतली. व्हॉट्सअॅपवर वाचलं की दाताच्या दर खुणेमागे दहा हजार मिळतात. आईला चार खुणा आहेत. चेअरमन म्हणतात, सभेत कुत्राबंदीचा ठराव करू. आईचं मात्र एकच म्हणणं, त्या मुक्या जनावराला काही होता कामा नये. आम्ही काय करावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर :

नमस्कार. कायद्याकडे वळण्याआधी इंजेक्शनांचं विचारते. तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. सरकारी रुग्णालयात रेबीजची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात. तीन आठवडे झाले म्हणजे चौथी मात्रा आठवड्याभरात येईल. कुत्रा आज ठणठणीत असेल तर मोठी काळजी मिटली, कारण चावल्यानंतर दहा दिवस जो कुत्रा धडधाकट राहतो त्याच्या लाळेत चावतेवेळी रेबीजचा विषाणू नव्हता असं धरतात. तरी चौथी मात्रा घ्यायची की नाही हे डॉक्टर सांगतील. ‘आमच्या कुत्र्याला सगळ्या लसी दिल्यात’ हे काकांचं आश्वासन त्यासाठी पुरेसं नाही. त्यांच्याकडून लसीकरणाच्या पुस्तिकेची प्रत मागून घ्या, पुढेही ती लागेल. इतर वाचकांसाठी एवढंच, की चावा बसल्याबरोबर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही मागायचं. पोटात चौदा इंजेक्शनं केव्हाच इतिहासजमा झाली, त्या भीतीने कुणी घरी बसू नये.

आता तुमचं प्रकरण. ते बरंच भक्कम आहे, पण ते भक्कम करणारी गोष्ट तुम्ही पत्रात अगदी जाता जाता लिहिली आहे. पेपरवाला मुलगा.

भारतात कुत्रा चावल्याच्या भरपाईसाठी वेगळा कायदा नाही. न्यायालय मूळ प्रश्न विचारतं तो असा : हा प्राणी धोकादायक ठरू शकतो हे मालकाला माहीत होतं का, किंवा माहीत असायला हवं होतं का, आणि तरीही त्याने पुरेशी काळजी घेतली नाही का? पहिल्यांदाच चावलेल्या कुत्र्याचा मालक म्हणू शकतो, ‘हा आजवर कधी कुणावर भुंकलाही नाही.’ तुमचे काका ते म्हणू शकत नाहीत. दिवाळीत तो चावला, त्यांनी पैसे देऊन मिटवलं, म्हणजे त्यांना ठाऊक होतं. त्यानंतर दारापाशी जाळी आली नाही, जिन्यात पट्टा आला नाही. निष्काळजीपणा इथे आहे. त्या मुलाला शोधा. एजन्सीवाल्याला विचारलंत तर दुपारपर्यंत पत्ता लागेल. त्याच्याकडून तारीख, जखम आणि किती पैसे मिळाले हे साध्या कागदावर त्याच्या सहीने लिहून घ्या. पैसे फोनवरून आले असतील तर त्या व्यवहाराचा स्क्रीनशॉटही घ्या.

त्या पाटीचा काकांना फारसा उपयोग नाही. कुणी परवानगी न घेता त्यांच्या घरात शिरलं असतं आणि चावा बसला असता, तर पाटी कामाची होती. जिना सगळ्यांचा आहे. आपल्या घरी जाण्या-येण्याच्या वाटेवर कुणी दुसऱ्याच्या पाटीमुळे जोखीम पत्करत नाही. उलट तुमचा वकील हीच पाटी त्यांच्याविरुद्ध वापरेल. कुत्र्यापासून सावध राहायला हवं हे त्यांनी स्वतःच्या दारावर स्वतः लिहून ठेवलं आहे.

मावशींचा मुद्दाही तसाच. नोकराने मालकाचं काम करताना केलेल्या चुकीची भरपाई मालकाकडून मागता येते. कुत्रा त्यांचा, घर त्यांचं, मावशी त्यांच्या कामावर. कृपा करून मावशींचं नाव आरोपी म्हणून तक्रारीत घालू नका. काही वकील ‘सगळ्यांनाच घेऊ’ म्हणतात. त्यातून एका बाईचं चार घरांचं काम जातं आणि तुमच्या हाती काही लागत नाही.

चप्पल उगारल्याचा आरोप मात्र हलक्यात घेऊ नका. आईने कुत्र्याला डिवचलं असं सिद्ध झालं तर भरपाई कमी होऊ शकते. म्हणून जिन्यातल्या किंवा गेटवरच्या सीसीटीव्हीची मागणी आजच लेखी करा. बहुतेक यंत्रांत ठरावीक दिवसांनी जुनं चित्रण पुसून त्यावर नवं भरलं जातं. तीन आठवडे गेलेत, कदाचित ते गेलंही असेल, तरी विचारा आणि सचिवांची पोच घ्या. चित्रण मिळालं तर त्याबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याची आणि एका तज्ज्ञाची, अशा दोन सह्या त्यावर लागतात. चित्रण नसेल तर आवाज ऐकून कोण बाहेर आलं, आईला कुणी उचललं, पहिल्या दिवशी डॉक्टरांनी केसपेपरवर काय लिहिलं हे पाहा. ‘जिना उतरताना शेजाऱ्याच्या कुत्र्याने चावल्याने पडल्या’ असं त्या कागदावर असेल तर तो तुमचा सगळ्यात मोलाचा कागद. रुग्णालयाने एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, केली असेल तर तिचा क्रमांकही घ्या.

पोलिसांबद्दल. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. ती घेऊन चौकीने तुमची बोळवण केली आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे, ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापतीचा संभव असताना जाणूनबुजून वा निष्काळजीपणाने पुरेशी खबरदारी न घेणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे एफआयआर व्हायला हवा. जामीन मिळतो, त्यामुळे काकांना कुणी लगेच कोठडीत टाकेल अशी भीती तुम्ही बाळगू नका आणि त्यांनाही घालू नका.

आईच्या बाबतीत त्याहून मोठं कलम लागू होऊ शकतं. हाड मोडणं ही संहितेच्या कलम ११६ नुसार ‘गंभीर दुखापत’ आहे. शिवाय पंधरा दिवस तीव्र वेदना किंवा रोजची कामं करता न येणं हीसुद्धा. जुन्या दंडसंहितेत हे दिवस वीस होते, १ जुलै २०२४ पासून पंधरा झाले. डबे बंद पडून तीन आठवडे झाले, म्हणजे आई दोन्ही अर्थांनी त्यात बसते. निष्काळजी कृतीने गंभीर दुखापत झाली तर कलम १२५ च्या (ख) भागात तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. पोलीस म्हणतील, ‘हात पडून मोडला, कुत्र्याने नाही मोडला.’ अंगावर कुत्रा आल्याशिवाय आई पडली नसती, हे उत्तर साधं आहे, पण ते तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहिलेलं असावं. पायऱ्या ओल्या नव्हत्या, आई रोज तो जिना उतरते, हेही.

तेव्हा नव्याने लेखी तक्रार द्या. कलम २९१ आणि १२५ स्पष्ट नमूद करा, फ्रॅक्चरचा एक्स-रे अहवाल आणि पेपरवाल्या मुलाचा जबाब जोडा, पोच घ्या. ठाण्याने तरीही एफआयआर घेतला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १७३(४) प्रमाणे तीच तक्रार वरिष्ठांकडे पाठवायची. नाशिक शहरात आयुक्तालय आहे, त्यामुळे पोलीस उपायुक्तांकडे. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज. कलम २९१ च्या गुन्ह्याला एका वर्षाची मुदत आहे. ‘आधी बोलून बघू’ म्हणत लोक दहा महिने घालवतात आणि मग धावतात, तसं करू नका.

पण फौजदारी खटल्याकडून तुमची अपेक्षा काय आहे हे आईबरोबर बसून ठरवा. मुंबईत २०१० साली एका रॉटवायलरने एका माणसाला चावे घेतले. मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली ती जानेवारी २०२३ मध्ये. वरळीच्या एका इमारतीत २०१८ साली शेजाऱ्याने थांबायला सांगूनही एकाने कुत्रा लिफ्टमध्ये ओढून आणला आणि तो शेजाऱ्याला चावला. तिथे चार महिन्यांची शिक्षा झाली मे २०२५ मध्ये. दोन्ही मालकांना दोषी ठरवलं गेलं, म्हणजे असे खटले टिकतात. पण तेरा वर्षं आणि सात वर्षं! तुमच्या आईचं मनगट तोवर बरं झालेलं असेल आणि काका कदाचित घर विकून गेलेले असतील. दंड झाला तर तो मुळात सरकारजमा होतो. त्यातून किंवा वेगळी म्हणून भरपाई द्यायचा आदेश न्यायालय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ खाली करू शकतं, पण त्या भरवशावर ४१ हजारांचा हिशेब मांडता येत नाही.

दाताच्या खुणेमागे दहा हजार हा आकडा खरा आहे, तुमच्या कामाचा नाही. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तो ठरवला. मांस लोंबलं असेल तिथे दर ०.२ सेंटिमीटरमागे किमान वीस हजार, असंही त्यात आहे. तो निकाल मोकाट आणि भटक्या जनावरांमुळे होणाऱ्या इजांबद्दल आहे, पैसे देण्याची मुख्य जबाबदारी त्यात राज्याची आहे, आणि तो पंजाब, हरियाणा व चंडीगढपुरता लागू आहे. नाशिकच्या खाजगी मालकाकडून दात मोजून पैसे मागता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयात भटक्या कुत्र्यांवरून जे काही चाललं आहे त्याचाही तुमच्याशी संबंध नाही. खरं तर दातांचा हिशेब लावलात तर तुमचं नुकसानच होईल. चार खुणांचे चाळीस हजार होतात आणि आईचं नुकसान त्यापेक्षा बरंच जास्त आहे.

ते कसं मांडायचं ते सांगते, कारण लोक इथेच कमी पडतात. दवाखान्याची बिलं ठेवलीच असतील. रिक्षाचे पैसे, फिजिओथेरपीचा पुढचा खर्च (हाडाच्या डॉक्टरांकडून अंदाज लेखी घ्या), आईला आंघोळीपासून वेणीपर्यंत मदत करायला बाई ठेवली असेल तर तिचा पगार, आणि तुम्ही बिनपगारी रजा टाकली असेल तर तीसुद्धा. मग डबे. आई ‘घरगुती’ काम करते म्हणून तिचं उत्पन्न मोजू नये असं कुणी म्हणेल, ते ऐकू नका. पैसे यूपीआयने येत असतील तर मागच्या सहा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट काढा. त्यातून कणीक, तेल, भाजी, गॅस वजा करा आणि दरमहा निव्वळ किती उरतं ते लिहा. वजाबाकी प्रामाणिक असेल तर बाकीच्या आकड्यांवरही समोरचा विश्वास ठेवतो. प्लास्टर निघाल्यावर पहिल्या दिवसापासून कणीक तिंबता येणार नाही, तेव्हा नुकसान सहा आठवड्यांवर थांबत नाही. मध्ये काही विद्यार्थी दुसरीकडे गेले असतील, ते परत येतीलच असं नाही. शेवटी वेदना आणि त्रासासाठी एक वाजवी रक्कम. वाजवी हा शब्द मी जाणूनबुजून वापरते. पाच लाख मागितलेत तर काका वकिलाकडे जातील, दीड लाख मागितलेत तर कदाचित बँकेत जातील.

ग्राहक आयोग इथे कामाचा नाही, काका तुम्हाला कुठली सेवा विकत नव्हते. सहकार न्यायालयही नाही, दोन सभासदांमधली दुखापतीची भरपाई हा सोसायटीचा वाद होत नाही. दावा दिवाणी न्यायालयातच. पण त्याआधी एक रस्ता आहे जो मी तुमच्या जागी पहिला धरला असता : जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. त्यांचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार कुठल्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. तुमचा फ्लॅट आहे, तुम्ही नोकरी करता, याने फरक पडत नाही. अर्ज आईच्या नावाने करायचा. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते.

तिथे ‘दावापूर्व’ प्रकरण म्हणून अर्ज करता येतो. प्राधिकरण काकांना बोलावणं पाठवतं, दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवतं, आणि तडजोड झाली तर लोकअदालतीत तिचा निवाडा होतो. त्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं, त्यावर अपील नाही, कोर्ट फी नाही. काकांनी नंतर हप्ते थकवले तर थेट अंमलबजावणी मागता येते. काका आलेच नाहीत किंवा हटून बसले तर तुमचं काहीच गेलं नाही, दावा दाखल करायला तुम्ही मोकळ्या. बारा पायऱ्यांच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाशी भांडण करायचं असेल, तर मधे टेबल आणि तिसरा माणूस असलेला बरा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. काकांनी उद्या सकाळी पंचवीस हजार आणून दिले आणि कागदावर सही मागितली, तर पैसे ‘अंशतः, खर्चापोटी’ म्हणून घ्या. ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द असलेल्या कागदावर प्लास्टर निघून डॉक्टरांनी हात पूर्ण तपासेपर्यंत सही करायची नाही. मनगट वाकडं जुळलं तर पुन्हा खर्च निघतो. आणि काकांना विचारा, त्यांनी कुत्र्याचा विमा काढला आहे का. पाळीव प्राण्यांच्या काही पॉलिसींत तिसऱ्या व्यक्तीला झालेल्या इजेची भरपाईही असते. कंपनी पैसे देणार असेल तर काकांचा आवाज एकदम मवाळ होतो, असा माझा अनुभव आहे. महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना घेतला आहे का, हेही त्याच दमात विचारून घ्या.

चेअरमनसाहेबांना मात्र आवरा. सोसायटीला बहुमतानेसुद्धा पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरायला मनाई करता येत नाही. भारतीय पशुकल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं तसं स्पष्ट सांगतात. ठराव केलात तर आज बचावात असलेले काका उद्या तक्रारदार होतील आणि आईचं मनगट राहील बाजूला. ‘ही जातच बंदी घातलेली आहे’ असंही कुणी सभेत म्हणेल. केंद्राने मार्च २०२४ मध्ये तेवीस जातींबद्दल परिपत्रक काढलं होतं, कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पुढच्याच महिन्यात रद्द केलं. जे सोसायटी लादू शकत नाही, ते काका स्वतः तडजोडीत लिहून देऊ शकतात. मुख्य दाराला आतून जाळीचा दरवाजा, सामाईक जागेत आखूड पट्टा, जिन्यातून नेताना तोंडाला मुसकं, कुत्र्याला फिरवणारा माणूस मोठा आणि ताकदीचा, दर वर्षी लसीकरणाची प्रत सचिवांकडे. पैशांइतकाच हा भागही महत्त्वाचा आहे. वरच्या मजल्यावर लहान मुलं असतील तर जास्तच.

आणि आईला सांगा, तिने काळजी करू नये. वरच्या कलमांत कुत्र्याला मारण्याची शिक्षा नाही, शिक्षा मालकाला आहे. इमारतीतला कुणी उत्साही माणूस रागाच्या भरात विष घालायची भाषा करत असेल तर त्यालाही ऐकवा : प्राण्याला ठार मारणं किंवा जायबंदी करणं यावर न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आहे. काकांच्या गुन्ह्यापेक्षा कितीतरी जास्त.

या आठवड्यात काकांना पाठवायच्या पत्राचा मसुदा देते. भाषा साधी ठेवा, जुने राग त्यात ओतू नका :

‘आपल्या मालकीचा कुत्रा दि. … रोजी सकाळी … वाजता सामाईक जिन्यात मोकळा येऊन माझ्या पोटरीला चावला व त्यामुळे मी पडून माझ्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. हाच कुत्रा मागील दिवाळीत एका मुलास चावला होता व ते आपणास माहीत होते, तरीही आपण त्यास आवरण्याची व्यवस्था केली नाही. आजपर्यंत झालेला खर्च, बुडालेले उत्पन्न व पुढील उपचार मिळून रु. … एवढी भरपाई सोबतच्या हिशेबाप्रमाणे पंधरा दिवसांत द्यावी, आणि कुत्रा सामाईक जागेत पट्ट्याविना येणार नाही अशी व्यवस्था करून तसे लेखी कळवावे. मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणापुढे तडजोडीस तयार आहे. उत्तर न आल्यास मी दिवाणी व फौजदारी दाद मागेन.’

सही आईची. डाव्या हाताने जमत नसेल तर अंगठा आणि दोन साक्षीदार. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे, तेव्हा खिडकीवर स्पीड पोस्टच सांगा, पोचपावतीसह, आणि पावती एक्स-रेच्या पाकिटात ठेवा.